माफीची घाई नको

तुम्ही चार कार्यकर्त्यांनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या भागातला सशस्त्र संघर्ष थांबून दोन वर्षं झाली. करार झाला, पळून गेलेली कुटुंबं परतायला लागली. ज्यांची घरं जळाली आणि ज्यांनी ती जाळली, ते आता एकाच रस्त्याने बाजाराला जातात. खटले उभे राहतील असं दिसत नाही. अशा ठिकाणी पुनर्स्थापक न्यायाचा, म्हणजे शिक्षेऐवजी झालेली इजा भरून काढण्याचा, प्रयत्न करावा का, लोकांना त्यात कसं आणावं, आणि हा सगळा प्रकार म्हणजे गुन्हेगारांना सोडून देण्याची सोय तर नाही ना?

मी बावीस वर्षं अशा बैठकांत मध्यस्थ म्हणून बसते आहे. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे दोन त्याच्यावर अवलंबून आहेत. होय, हा मार्ग गुन्हेगारांना सोडवण्यासाठी वापरता येतो आणि तसा तो वापरला गेलाही आहे. शांतता सगळ्यांनाच हवी असते, पण तिची किंमत ज्यांचं आधीच सगळं गेलंय त्यांच्याकडून वसूल केली जाते. ‘तू माफ केलंस की सगळे सुटतील’ असं नवरा गमावलेल्या बाईला सांगताना मी लोकांना ऐकलं आहे. सांगणारी माणसं दुष्ट नव्हती, थकलेली होती. पण तेव्हापासून कुठलाही कार्यक्रम आखताना मी एकच गोष्ट तपासते: यात खर्ची कोण पडतंय?

शब्दाबद्दल आधी थोडं, कारण त्याचे अर्थ फार सैल झाले आहेत. न्यायालय विचारतं की कोणता कायदा मोडला, कोणी मोडला आणि त्याला शिक्षा काय. पुनर्स्थापक न्याय विचारतो की कुणाला काय इजा झाली, त्यांना आता कशाची गरज आहे आणि ती पुरी करायची जबाबदारी कुणाची. आधुनिक काळात याची सुरुवात म्हणून कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला १९७४चा प्रसंग सांगतात. दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी मोडतोड केली. त्यांना घरोघरी नेऊन नुकसान झालेल्यांसमोर उभं करावं, असं प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशाला सुचवलं. ते गेले, दार ठोठावून बोलले आणि पुढे भरपाईही दिली. गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. पण तिथे कायदा जागेवर होता, पोलीस जागेवर होते आणि काचा फोडणारे दोघंच होते. संघर्षानंतर इजा झालेले हजारो असतात. इजा करणाऱ्यांपैकी कित्येकांनी स्वतःही मार खाल्लेला असतो, आणि बऱ्याचदा सरकारच एक पक्ष असतं. म्हणून ऑन्टारिओचा नमुना उचलून युद्धातून उठलेल्या गावात ठेवला की तो मोडतो.

मला सगळ्यात जास्त बदलून टाकणारा पुरावा सिएरा लिओनचा आहे. तिथलं युद्ध १९९१ ते २००२ चाललं. नंतर ‘फाम्बुल टॉक’ नावाच्या संस्थेने गावोगाव सलोख्याचे सोहळे सुरू केले. क्रिओ भाषेत या नावाचा अर्थ ‘घरच्यांचं बोलणं’. रात्री शेकोटी पेटायची, गाव भोवती बसायचं. ज्याच्यावर अत्याचार झाले तो उठून सांगायचा, ज्याने केले तो कबूल करायचा आणि माफी मागायचा. संशोधकांनी अशी २०० गावं घेतली. काहींत सोहळा झाला, काहींत झाला नाही, आणि कुठे व्हायचा ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. जवळपास चोवीसशे लोकांच्या मुलाखती घेतल्या. निष्कर्ष २०१६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले.

सोहळा झालेल्या गावांत लोकांनी जास्त माफ केलं होतं. पूर्वीच्या लढवय्यांवर विश्वास वाढला होता, ओळखीपाळखी आणि मदतीचं जाळं दाट झालं होतं, सार्वजनिक कामात लोक जास्त हातभार लावत होते. कार्यक्रम राबवणारी कुठलीही संस्था इथेच अहवाल संपवेल. पण त्याच गावांत, त्याच लोकांमध्ये, नैराश्य, चिंता आणि आघातानंतरच्या मानसिक त्रासाची लक्षणं सोहळा न झालेल्या गावांपेक्षा जास्त निघाली. आणि हा फरक अडीच वर्षांनंतरही टिकून होता.

हे दोन्ही निष्कर्ष एकत्र धरून ठेवणं अवघड जातं. समाजाला शांतता मिळाली, पण माणसांची झोप गेली. बंद केलेली जखम सगळ्यांसमोर उघडली गेली, आणि नंतर ती बांधायला कुणी नव्हतं. मी यावरून सोहळे करू नयेत असा अर्थ काढत नाही. मी इतकंच ठरवलं की बैठकीनंतर निदान वर्षभर प्रत्येक बोलणाऱ्याच्या घरी जाणारं माणूस नेमलेलं नसेल, त्याचा प्रवासखर्च आणि पगार आधीच बाजूला काढलेला नसेल, तर बैठक घ्यायची नाही. देणगीदारांना हे आवडत नाही. त्यांना शेकोटीचे फोटो हवे असतात आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत हवे असतात. या मुद्द्यावर मी दोनदा निधी परत केला आहे आणि तुम्हालाही तीच वेळ येईल.

आता ‘गुन्हेगार सुटतात का’ या प्रश्नाचा दुसरा भाग. दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण सगळे देतात, पण सहसा अर्धंच देतात. १९९५च्या कायद्याने वर्णभेदाच्या काळातल्या गुन्ह्यांसाठी सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला, आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष होते आणि एप्रिल १९९६मध्ये जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. गुन्हा राजकीय हेतूने केला असेल आणि त्याबद्दलचं सगळं सत्य सांगितलं, तर खटल्यापासून कायदेशीर माफी मिळणार होती. सात हजारांवर लोकांनी अर्ज केले, त्यांपैकी ८४९ जणांना माफी मिळाली. म्हणजे आयोगाने ती खिरापतीसारखी वाटली नाही. गडबड नंतर झाली. ज्यांना माफी मिळाली त्यांना ती लगेच लागू झाली. पीडितांसाठी आयोगाने सहा वर्षं दरवर्षी भरपाई सुचवली होती, ती मात्र सरकारने तशी दिली नाही. अहवालाचे मुख्य खंड १९९८ साली आले आणि २००३ साली सरकारने प्रत्येकी ३० हजार रँडची एकरकमी रक्कम जाहीर केली. ज्यांनी माफीसाठी अर्जच केला नाही किंवा ज्यांना ती नाकारली गेली, अशांपैकी शेकडो प्रकरणं खटल्यासाठी सोपवली होती. त्यांतली बहुतेक कित्येक वर्षं तशीच पडून राहिली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ‘खरं बोललास तर सवलत, नाहीतर खटला’ या वाक्याचा दुसरा अर्धा भाग गळून पडला की पहिल्या भागालाही वजन उरत नाही. ज्याने कबुली दिली तो मूर्ख ठरतो आणि जो गप्प बसला तो शहाणा. तुमच्याकडे खटले होणार नाहीत असं तुम्ही लिहिलंय, त्याची मला म्हणूनच सगळ्यात जास्त काळजी वाटते. निदान ठार मारणं, बलात्कार, छळ आणि माणूस गायब करणं एवढ्या गुन्ह्यांसाठी तरी न्यायालयाचं दार उघडं राहील यासाठी वकिलांच्या आणि पीडितांच्या संघटनांबरोबर दुसऱ्या बाजूने जोर लावत राहा. आपलं काम त्या दाराशेजारी चालतं, त्याच्या जागी नव्हे.

ही जोडणी मला सगळ्यात नीट बसलेली दिसते ती पूर्व तिमोरमध्ये. ३० ऑगस्ट १९९९ला तिथे सार्वमत झालं आणि ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियापासून स्वातंत्र्य निवडलं. त्यानंतर इंडोनेशियाच्या लष्कराच्या पाठबळावर स्थानिक सशस्त्र टोळ्यांनी देश जाळला. त्या वर्षी सुमारे १४०० लोक मारले गेले, लाखो लोकांना घरं सोडावी लागली. टोळ्यांमधले बरेचसे तरुण पुढे गावी परतले तेव्हा त्यांच्यासमोर तोच प्रश्न होता जो तुमच्यासमोर आहे. २००१ साली स्थापन झालेल्या तिथल्या सत्य-सलोखा आयोगाने एक पद्धत बसवली, ती मी पायरी पायरीने सांगते.

ज्याला गावात परत मिसळायचं आहे त्याने स्वतःहून निवेदन द्यायचं. मी काय केलं, कुणाचं केलं, मला कुठल्या गावाशी समेट हवा आहे. हे निवेदन आधी सरकारी वकिलांच्या कार्यालयात जायचं. त्यात खून, बलात्कार यांसारखं काही दिसलं तर प्रकरण तिथेच थांबायचं आणि गंभीर गुन्ह्यांच्या रस्त्याला लागायचं. चोरी, जाळपोळ, मारहाण, जनावरं मारणं अशी प्रकरणं पुढे गावात यायची. गावात चटई अंथरली जायची. ‘नाहे बिती’ हे तिथल्या जुन्या रिवाजाचं नाव, अर्थ तोच, चटई अंथरणे. आयोगाचा प्रादेशिक आयुक्त आणि स्थानिक मंडळी यांचं पंचमंडळ बसायचं. त्यात स्त्रियांना प्रतिनिधित्व द्यावं असा नियम होता. निवेदन देणारा सगळ्यांसमोर बोलायचा. मग ज्यांचं नुकसान झालं ते विचारायचे, बाकीचं गावही विचारायचं. कुणी सांगितलं होतं जाळायला? पेट्रोल कुठून आणलं? माझी म्हैस कुठे गेली? शेवटी त्याने काय करायचं ते ठरायचं: जाहीर माफी, पडलेली इमारत बांधणं, गावासाठी श्रमदान, गेलेल्या वस्तूची भरपाई. ते लिहून जिल्हा न्यायालयात नोंदवलं जायचं. काम पुरं केलं की त्या कृत्यांबद्दल त्याच्यावर पुन्हा खटला किंवा दावा नाही. तेराशेहून जास्त लोक या वाटेने गेले.

मी ही पद्धत डोळे मिटून स्वीकारत नाही. ज्यांनी हुकूम दिले ते सीमेपलीकडे सुखरूप राहिले आणि चटईवर येऊन बसली ती खालची, बहुतेक गरीब माणसं. श्रमदानाचा फायदाही गावाला झाला; ज्या बाईचं छप्पर गेलं होतं तिच्या छपराचं काय, हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी राहूनच गेला. तरीही पद्धतीचा सांगाडा उचलण्यासारखा आहे. येणारा स्वतःहून येतो. गंभीर गुन्हे चाळून बाजूला काढणारी चाळणी गावाबाहेरच्या, कायद्याच्या माणसाच्या हातात असते. आणि शेवटी ठरलेल्या गोष्टीवर न्यायालयाचा शिक्का असतो, त्यामुळे उद्या कुणी दांडगा उठून ‘आम्हाला हे मान्य नाही’ म्हणू शकत नाही.

रवांडाबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्याची नक्कल होऊ नये असं मला वाटतं. १९९४च्या वंशसंहारानंतर लाखाहून जास्त संशयित तुरुंगांत कोंबलेले होते आणि नेहमीच्या न्यायालयांना ते प्रकरण शंभर वर्षांतही आवरलं नसतं. म्हणून ‘गचाचा’ नावाची लोकन्यायालयं उभी केली. २००२मध्ये प्रयोग, मग देशभर, आणि जून २०१२मध्ये समाप्ती. बारा हजारांच्या आसपास न्यायालयं, गावाने निवडलेले न्यायाधीश, वकील नाहीत, आणि जवळजवळ वीस लाख प्रकरणं. यातून कित्येक कुटुंबांना आपल्या माणसाचं प्रेत कुठे पुरलंय ते कळलं, आणि त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण सत्तेवर आलेल्या पक्षाच्या सैनिकांनी केलेल्या हत्या या न्यायालयांच्या कक्षेत नव्हत्या. साक्षीदारांना धमक्या आल्या, काही मारले गेले. जमिनीची जुनी भांडणं काढून खोटे आरोपही झाले. आणि हजर राहणं सक्तीचं होतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला म्हणूनच मी इथून सुरुवात करते: बोलावून आणलेली गर्दी म्हणजे सहभाग नव्हे. कोण आलं याच्यापेक्षा कोण नाही म्हणू शकलं, याच्यावर मी सहभाग मोजते.

‘लोकांना सामील करा’ असं म्हणताना आपण लोक म्हणजे कोण ते विचारत नाही. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ नील्स क्रिस्ती यांनी १९७७ साली एक मुद्दा मांडला होता की भांडण ही त्या भांडणाऱ्यांची मालमत्ता असते आणि वकील व तज्ज्ञ ती त्यांच्याकडून चोरतात. मला हे पटतं. पण युद्धानंतर मी पाहिलेली चोरी बऱ्याचदा वकिलांनी केलेली नसते, गावातल्याच वजनदारांनी केलेली असते. तुम्ही नव्या गावात जाता, ‘इथले जाणते कोण’ विचारता, आणि तुमच्यासमोर सहा वयस्कर पुरुष येऊन बसतात. त्यांतल्या दोघांनी संघर्षात कुठल्या बाजूला रसद पुरवली ते सगळ्या गावाला माहीत असतं, फक्त तुम्हाला नसतं. त्यांनी बैठकीची तारीख दिली की तुमच्या कार्यक्रमावर त्यांचं नाव लागलं. म्हणून मी पहिले दोन महिने कुणाकडून तारीख घेत नाही. पाणवठ्यावर, दवाखान्याच्या रांगेत, शाळा सुटताना बसते. दोन्ही बाजूंच्या बायका, तरुण मुलं, बाहेरून येऊन वसलेले, अपंग झालेले माजी लढवय्ये, यांच्याशी वेगवेगळं बोलते. एका बाजूच्या माणसाने मध्यस्थ म्हणून सुचवलेल्या नावाला दुसऱ्या बाजूने मान हलवली, तरच ते नाव यादीत येतं.

हत्यार खाली ठेवलेली माणसं या कामात घ्यावीत का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८च्या शांतता कराराच्या सुमारास कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही समाजांत वेगवेगळे पुनर्स्थापक न्यायाचे प्रकल्प उभे राहिले. त्याआधी आणि नंतरही तिथले सशस्त्र गट आपल्याच वस्तीतल्या चोरीमारी करणाऱ्या पोरांना गुडघ्यात गोळी घालून ‘शिक्षा’ देत असत. त्या पोरांना वाचवण्यासाठी मध्यस्थी करणाऱ्यांत तुरुंगातून सुटलेले जुने लढवय्ये होते, कारण गटांच्या दारावर थाप मारायची हिंमत आणि पत त्यांचीच होती. लोकांना भीती होती की हेच लोक उद्या वस्तीचे खासगी पोलीस होतील. २००७मध्ये सरकारने नियमावली आणली: प्रशिक्षण, तपासणी, तक्रार कुठे करायची, पोलिसांना काय कळवायचं. माझा अनुभव याच्याशी जुळतो. अशा माणसांना घ्या, पण त्यांच्याविरुद्ध तक्रार घेणारं माणूस आधी नेमा आणि त्याचा फोन नंबर सगळ्यांना द्या.

आता प्रत्यक्ष कामाचा एक प्रसंग सांगते. गाव आणि माणसं ओळखू येणार नाहीत इतकंच सांगते.

एका बाईचं घर संघर्षात लुटलं गेलं. चार वर्षांनी ती परतली तेव्हा भिंती उभ्या होत्या, बाकी काही नव्हतं. तिच्या घराचं दार तिसऱ्या गल्लीतल्या एका घराला बसवलेलं होतं. तिच्या सासऱ्यांनी करवून घेतलेलं दार, वरच्या चौकटीजवळ खिळ्याने कोरलेली मुलांची उंची. त्या खुणांतला एक मुलगा आता हयात नव्हता. बाजाराला जाताना रोज तिला ते दार दिसायचं, आणि ती दोन गल्ल्या फिरून जायला लागली. आमच्या कार्यकर्त्याने भरपाईचा तक्ता भरताना ‘दार, लाकडी, एक’ असं लिहून रक्कम टाकली होती. तिने तक्ता परत दिला.

ज्याच्या घराला दार होतं त्याच्याशी मी सात महिन्यांत अकरा वेळा बोलले. पहिल्यांदा तो म्हणाला, विकत घेतलंय. मग म्हणाला, पडलेलं सापडलं. सहाव्या भेटीत त्याच्या बायकोने त्याच्यादेखत सांगितलं की त्या खुणा पाहून तिला झोप येत नाही. नंतर तो बोलायला लागला. तिच्याशी मी त्याहून जास्त वेळा बोलले, आणि दर वेळी निघताना सांगितलं की बैठक नको वाटली तर आदल्या दिवशी काय, त्या सकाळीसुद्धा नको म्हणा, मी कारण विचारणार नाही. दोनदा तिने नको म्हटलं. दोनदा मी गाडी परत फिरवली.

बैठकीत नऊ माणसं होती. तिच्या बाजूला तिची बहीण, जिला मी आधी दोनदा भेटले होते. तो बोलायला लागला तेव्हा म्हणाला, “त्या दिवसांत चुका झाल्या.” तिने विचारलं, “कुणाच्या?” मराठी बोलणाऱ्या प्रत्येक मध्यस्थाने या जागेवर कान टवकारले पाहिजेत. आपल्या भाषेत कर्ता लपवायची फार चांगली सोय आहे. ‘चुका झाल्या’, ‘व्हायला नको होतं ते झालं’, ‘दोन्हीकडून घडलं’, ‘मन दुखावलं गेलं असेल तर’. यांतलं एकही वाक्य माफी नाही. ‘माझ्याकडून झालं’ ही निम्मी वाट. ‘मी तुमच्या घराचं दार काढलं, आत कुणी नव्हतं हे मला माहीत होतं, मी ते माझ्या घराला बसवलं’ इथे पोहोचायला त्याला चाळीस मिनिटं लागली आणि मी मध्ये एकदाही शब्द पुरवला नाही. तयारीच्या भेटींत हे वाक्य पाठ करून घेतलं असतं तर ते पाच मिनिटांत आलं असतं आणि तिने ते ओळखलं असतं.

तिची मागणी दोन ओळींची होती. दार त्याने स्वतः आणून बसवायचं, आणि दिवसाउजेडी, बाजाराच्या दिवशी. पैसे नकोत. त्याने तसं केलं. तो बिजागऱ्या ठोकत होता तेव्हा रस्त्यावरून जाणारे थांबत होते, आणि तिला तेच हवं होतं. ज्या गावाने तिच्या घराचं दार दुसऱ्याच्या घराला बघून चार वर्षं नजर वळवली, त्या गावाने आता बघायला हवं होतं. माफ केलं का, असं मी तिला विचारलं नाही. ती अजून त्याच्याशी बोलत नाही. ठरावात बोलण्याचं कलम नव्हतं.

माफी हा शब्द मी कुठल्याही निमंत्रणात, फलकात किंवा माहितीपत्रकात येऊ देत नाही, त्याचं कारण हेच आहे. माफी आली तर ती पीडिताच्या मनातून, त्याच्या वेळेने येते. कधी वीस वर्षांनी, कधी कधीच नाही. कार्यक्रमाचं उद्दिष्ट म्हणून ती लिहिली की न देणारा माणूस कार्यक्रमाचं अपयश ठरतो. सगळं गाव त्याच्याकडे बघतं.

लैंगिक अत्याचारांबद्दल मी कुठलाही अपवाद करत नाही: गावाच्या बैठकीत ते प्रकरण आणायचं नाही. पीडितेने स्वतः मागितलं तरी आधी समुपदेशक आणि वकील यांच्याशी तिची गाठ घालून द्या, वेळ जाऊ द्या. गावाने ऐकलेली गोष्ट गाव विसरत नाही. तिच्या लग्नात, तिच्या मुलीच्या लग्नात ती पुन्हा वर येते. लहानपणी पळवून नेऊन हातात बंदूक दिलेल्या मुलांचंही तसंच वेगळं काढा. त्यांच्यासाठी आधी कुटुंब आणि शाळा, मग जमलं तर बैठक.

किती वेळ लागेल, हाही प्रश्न तुम्हाला पडेल. कोलंबियात सरकार आणि फार्क ही बंडखोर संघटना यांच्यात नोव्हेंबर २०१६मध्ये अंतिम करार झाला. त्यातून निघालेल्या विशेष न्यायालयाची रचना अशी की जबाबदारी पूर्ण कबूल करणाऱ्याला तुरुंगाऐवजी पाच ते आठ वर्षांची भरपाईची कामं आणि हालचालींवर निर्बंध, आणि खोटं बोलून दोषी ठरला तर वीस वर्षांपर्यंत तुरुंग. एकट्या अपहरणांच्या प्रकरणात एकवीस हजारांहून जास्त पीडितांची नोंद झाली. फार्कच्या सात माजी प्रमुखांना पहिली शिक्षा सुनावली गेली सप्टेंबर २०२५मध्ये. म्हणजे जवळजवळ नऊ वर्षं, आणि तिथे न्यायाधीश, तपास अधिकारी, निधी सगळं होतं. तुम्ही चौघं आहात. पहिल्या वर्षात दहा प्रकरणं नीट झाली तर खूप झालं असं धरून चाला. निधी देणाऱ्याला अर्जातच हा आकडा सांगा, म्हणजे डिसेंबरात तो पन्नास मागणार नाही.

आणि सुरुवात बैठकीने करू नका. आधी घरं फिरा, दोघं दोघं, दोन्ही बाजूंचा एकेक जण. प्रत्येक घरात तीनच गोष्टी विचारा: तुमचं काय गेलं, तुमचं कोण परत आलं नाही, आणि तुम्हाला कुणाचं तोंड बघायचं नाही. तिसऱ्या प्रश्नावर लोक आधी हसतात, मग बराच वेळ गप्प बसतात. ते उत्तर वहीत वेगळ्या पानावर लिहा. उत्तर देणारा आणि त्याने सांगितलेला माणूस, ही दोन नावं तुमच्या कुठल्याही कार्यक्रमात, कुठल्याही खोलीत, एकाच वेळी येणार नाहीत हे बघणं तुमचं काम. वही कुलपात ठेवा, किल्ली एकाच व्यक्तीकडे, आणि घरांची खरी नावं न लिहिता खुणांनी लिहा. तुमच्या भागात करार मोडण्याची शक्यता अजून आहे, आणि ती वही चुकीच्या हातात गेली तर तिची सूडाची यादी होते.